पडद्याची दुमड

भुयारी रस्त्यात बावीस गाळे होते आणि त्यांतल्या एकवीस गाळ्यांत कार्ड चालायचं. बाविसाव्यात पाटी होती. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं भरलेली, ‘फक्त रोख’. त्याखाली बारीक टाक्यांत, ‘राग मानू नये’. गाळा सहा फूट बाय चार फूट, त्यात एक शिलाई मशीन, एक इस्त्री, एक स्टूल आणि एक बाई. ती तोंडात टाचण्या धरूनच गिऱ्हाइकाशी बोलायची, म्हणून सगळा भुयारी रस्ता तिला टाचणीताई म्हणायचा. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, तुटलेल्या चेनी बसवणं ही तिची कामं. तिनं बसवलेली चेन पुन्हा अडकली, असं अठरा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

कार्ड पुढे करणाऱ्याला ती म्हणायची, "माझ्या मशीनला दोरा लागतो बाबा, कार्ड ओवायला गेले तर सुई मोडते." लोक हसायचे आणि खिसे चाचपायचे. खिशात काही नसायचं. हल्ली कोणाच्याच खिशात काही नसतं. मग ती त्यांना समोरच्या किल्लीवाल्या काकांकडे पाठवायची. काका आपल्या यंत्रावर त्यांचं कार्ड घासून घ्यायचे आणि तेवढ्याच नोटा टाचणीताईच्या हातावर ठेवायचे. "ताई, माझा गल्ला म्हणजे तुझी बँक झालीय. एखादं यंत्र घे की. फुकट मिळतं," असं काका आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचेच. ती टाचण्यांच्या आडून काहीतरी पुटपुटायची, ते हो होतं की नाही हे काकांना कधी कळलं नाही.

घरी तर विषयच काढायची सोय नव्हती. नवरा शहराची बस चालवायचा. पूर्वी तिकिटाचे पैसे त्यालाच गोळा करायला लागायचे. सुट्ट्या पैशांवरून रोज शिव्या, आणि रात्री हिशोबात चार नाणी कमी भरली तर ती पगारातून कापली जायची. तीन वर्षांपूर्वी बसमध्ये रोख बंद झाली, लोक कार्ड टेकवून चढू लागले, आणि त्या दिवसापासून हा माणूस कार्डाचा भक्त झाला. भाजी कार्डानं, दाढी कार्डानं. बायकोची नोटांची हौस त्याला गंमत वाटायची. ती महिन्याकाठी उरलेल्या नोटा इस्त्री करून स्वयंपाकघराच्या पडद्याच्या दुमडीत घालायची आणि वरून धावदोरा घालून शिवून टाकायची. शिवणाऱ्या बाईला याहून चांगली तिजोरी कुठली मिळणार? "आपल्या घरचा पडदा वादळातसुद्धा हलत नाही. खानदानी आहे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्थ कळायचा नाही. ती डोळे वटारायची.

खरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावानं धंद्यासाठी कर्ज काढायचं ठरवलं आणि जामीन राहायला बहिणीकडे आला. नवऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "जेवायला घाल, राहायला जागा दे, सही देऊ नकोस." ती "बरं" म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सही करून आली. भाऊ होता, लहानपणी त्याच्या शर्टाची बटणं हिनंच लावली होती. बटणं लावणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. सात महिन्यांत भाऊ फोनसकट नाहीसा झाला आणि बँक जामीनदाराकडे वळली. तिच्या खात्यावर जप्ती आली. खात्यात एक पैसा जरी पडला तरी तो त्याच क्षणी थकबाकीत जायचा. दुसऱ्या बँकेत खातं उघडायला गेली, तर तिथल्या माणसानं तिचं नाव टाइप केलं, कम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची जरा मागे घेतली. तेव्हापासून ती रोखीवर जगत होती. कार्ड ट्रंकेत तळाशी होतं. आवडनिवड म्हणून ते ठेवलेलं नव्हतं, पण तसं वाटू देणं सोपं पडायचं.

नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

गाळ्याचं वर्षाचं भाडं अडतीस हजार. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भरायचं, नाहीतर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला. तिनं पैसे जमवले होते, पडद्यात अडतीस हजार पुरे होते. गुरुवारी सकाळी ती रिकाम्या हातानंच गाळ्यांच्या ऑफिसात गेली. यंदा पावतीचा फॉर्म बदललाय म्हणून ऐकलं होतं, तो आधी बघावा, आणि पैसे शुक्रवारी आणून भरावेत.

खिडकीतला कारकून सर्दीनं बेजार होता. त्यानं नाक पुसलं आणि फॉर्म पुढे केला. फॉर्मवर तांबड्या अक्षरांत छापलं होतं, भाडं भाडेकरूच्या स्वतःच्या कार्डानंच भरावं, रोख घेतली जाणार नाही.

तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, दुसऱ्या कोणाच्या कार्डानं चालेल का. किल्लीवाल्या काकांचं नाव तोंडावर होतं.

नाही, तो म्हणाला. लोक गाळा एकाच्या नावानं घेतात आणि बसतो दुसराच, म्हणून हा नियम. नाव जुळलं नाही तर यंत्रच पैसे घेत नाही. मग तिचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्यानं आवाज खाली आणला आणि सांगितलं, एक वाट आहे. नवऱ्याच्या नावावर करून घ्या. उद्या दोघं या, साधा अर्ज आहे, दहा मिनिटांचं काम, आणि त्यांच्या कार्डानं भरा. "फक्त पाचच्या आत या. पाचनंतर यादी मी सरकवत नाही, कम्प्युटर सरकवतो. त्याला हात जोडून उपयोग नसतो."

यादीत पुढे कोण आहे हे साऱ्या भुयारी रस्त्याला ठाऊक होतं. फोनची कव्हरं विकणारा एक माणूस. दर महिन्याला येऊन तिच्या गाळ्यासमोर उभा राहून नजरेनं मापं घेऊन जायचा.

सरळ वाट होती. घरी जायचं, नवऱ्याला म्हणायचं, गाळा तुमच्या नावावर करू. तो विचारणार, का? तुझ्या कार्डाला काय झालं? आणि त्या एका ‘का’ला उत्तर द्यायचं म्हणजे दोन वर्षं उसवायची. संध्याकाळी जेवताना ती तीनदा बोलायला गेली. पहिल्यांदा त्यानं मीठ मागितलं. दुसऱ्यांदा तिचा तिलाच घास लागला. तिसऱ्यांदा तिनं अर्धंच सांगितलं, यंदा ऑफिसवाले रोख घेत नाहीत म्हणे, खात्यातूनच भरा म्हणतात.

नवरा खुर्चीत मागे रेलून असा हसला की जणू त्याच्याच बसनं शर्यत जिंकली होती. "शेवटी तुला कोणीतरी भेटलंच."

"मी बघते काय ते," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? नोटा खात्यात टाक, कार्ड घास, मोकळी हो."

"मी बघते म्हटलं ना."

रात्रभर तिनं ठरवलं. सकाळी गाळा उघडायचा, शब्द दिलेली कामं हातावेगळी करायची. दुपारी घरी येऊन दुमड उसवायची, नोटा घ्यायच्या, आणि त्या कारकुनाच्या साहेबापुढे जाऊन बसायचं. अठरा वर्षांच्या पावत्या दाखवायच्या. रडायला लागलं तर रडायचं. माणूस समोर बसून रडला तर नियम थोडा वाकतो, असा तिचा अनुभव होता. हा अनुभव खिडकीत माणूस असायचा तेव्हाचा.

शुक्रवारी नवऱ्याची दुसरी पाळी होती, दीडपासून. ती निघाली तेव्हा तो दाढी करत होता आणि शीळ घालत होता. त्या शिळेकडे तिनं लक्ष द्यायला हवं होतं.

बारा वाजून गेल्यावर ती घरी आली. दार उघडलं आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की स्वयंपाकघराचा पडदा उडत होता. खिडकी उघडी होती, बाहेर नुसती झुळूक होती, आणि पडदा फडफडून ओट्यावरच्या डब्यांना झोंबत होता. इतक्या महिन्यांत तिनं त्याला असं हलताना पाहिलं नव्हतं. ती जवळ गेली. दुमड उसवून पुन्हा शिवलेली होती. पडदा निळा आणि दोरा काळा. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एका ठिकाणी गाठ बोराएवढी. माणसानं पहिल्यांदाच सुई हातात धरली होती आणि केलेलं काम झाकून नीट ठेवण्याची पराकाष्ठा केली होती.

टेबलावर तिचं कार्ड होतं. ट्रंक उपसून काढलेलं, पुसून स्वच्छ केलेलं. त्याखाली बँकेच्या यंत्राची पावती, अडतीस हजार जमा, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. आणि त्याच्या अक्षरात चिठ्ठी. ‘तुझी रांग वाचवली. आता जा आणि ऐटीत कार्ड घास. पडदा मी शिवलाय, हसू नकोस.’

तिनं पिशवीच्या तळातून फोन काढला. कपड्यांखाली तो कधी वाजला ते तिला कळलंच नव्हतं. दोन निरोप होते. दहा त्रेचाळीसला रक्कम आली. दहा सत्तेचाळीसला रक्कम गेली. शिल्लक शून्य.

चार मिनिटं. तिनं पाच वर्षं एकेक नोट बाजूला काढली असती तरी ती खात्यात चार मिनिटंच टिकली असती. ती खाली बसली नाही. बसलं तर उठता येणार नाही हे तिला माहीत होतं. तशीच चपला सरकवून बँकेत गेली.

बँकेत साखळीचा चष्मा घातलेली एक बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं. ही रक्कम थकबाकीपोटी वळती झाली आहे, तिनं सांगितलं, आणि इथून ती उलट फिरवता येत नाही. तक्रार अर्ज करता येईल, तीस दिवस लागतात.

"माझ्याकडे चार तास आहेत," टाचणीताई म्हणाली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं, बुडत्याला सुचतं तसं. तिनं काउंटरवर वाकून हलक्या आवाजात विचारलं, यंत्र उघडता येईल का. "नोटा अजून तिथंच असतील ना. मी ओळखीन त्या. इस्त्री केलेल्या आहेत. सगळ्यांच्या कडेला सुईची भोकं आहेत. माझ्याशिवाय कोणाच्या नसतील तशा."

बाईनं चष्मा काढला. ती चांगली बाई होती, त्यामुळे तिला सांगणं जड गेलं.

"नोटा तिथं असतीलही, ताई. पण नोटा वेगळ्या आणि रक्कम वेगळी. रक्कम गेली."

बाहेर आल्यावर तिनं भावाचा नंबर फिरवला. दीड वर्ष फिरवत होती तसाच. हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिला हेवा वाटला त्या क्रमांकाचा.

मग तिनं नवऱ्याला फोन केला नाही. बस चालवताना तो उचलत नसे, आणि उचलला असता तरी ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. ती त्याच्या मार्गावरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. त्याची बस यायला चाळीस मिनिटं लागली. दारात तिच्याकडे टेकवायला कार्ड नव्हतं, म्हणजे होतं, पण ते शून्याचं होतं. त्यानं तिला पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि खिशातलं स्वतःचं कार्ड काढून यंत्राला टेकवलं. "काय, भरून आलीस का?"

ती त्याच्या मागच्या सीटवर बसली. समोर त्याची मान, मानेवरचे विरळ झालेले केस, आरशात त्याच्या डोळ्यांची एक पट्टी. बस चालू झाली. चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर होती, पण तिला दुसरी जागा नव्हती. ती त्याच्या पाठीला सांगत गेली. सही, तिसऱ्या दिवशीच केलेली. भावाचं नाहीसं होणं. जप्ती. रोखीचं सोंग. कारकुनानं दाखवलेली वाट, काल, दहा मिनिटांची. सकाळचे अडतीस हजार, चार मिनिटांत. हे सगळं ती थांब्याथांब्यानं सांगत होती. दार उघडलं की गप्प, लोक चढले-उतरले, दार मिटलं की पुढे. एकदाही त्यानं मागे वळून पाहिलं नाही. एकदाही त्यानं ब्रेक जोरात लावला नाही. तिला वाटलं, लावला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. त्यानं इंजिन बंद केलं आणि हात चाकावरच ठेवले.

"काल संध्याकाळी आपण समोरासमोर जेवलो," तो म्हणाला.

"हो."

"मी विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

ती खोटं बोलू शकली असती. सवय होती. "नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, उतारूनं पुढचा थांबा विचारल्यावर हलवतो तशी. मग तो एकदम घाईला आला. घड्याळात पावणेचार झाले होते. त्यानं फोनवर खातं उघडलं, महिनाअखेर होती, साडेनऊ हजार निघाले. डेपोत फोन लावला, बदली चालक मिळेल का, घरचं काम आहे, अर्जंट. नाही मिळणार, दोघं आधीच आजारी. बस सोडून गेलास तर नोकरीवर येईल, हे डेपोवाल्यानं मित्र म्हणून सांगितलं. त्यानं दोन सहकाऱ्यांना फोन केले. एकाकडून चार हजार, एकाकडून "बघतो". सासऱ्याच्या जुन्या मित्राला केला. तो म्हातारा इतका खूश झाला की पाच मिनिटं तब्येतीच्या चौकशाच करत राहिला, आणि यानं पैशाचं काढलंच नाही.

"तुम्ही जाऊ नका," ती म्हणाली. "गाळा गेलाच आहे. नोकरी पण घालवू नका."

"तू मला आता काय करायचं ते सांगू नकोस."

दारावर लोक टकटक करत होते. परतीची वेळ झाली होती. एका बाईनं कार्ड काचेला लावून दाखवलं, जणू तेवढ्यानं दार उघडेल. त्यानं दार उघडलं. बस निघाली. ती मागच्याच सीटवर बसून राहिली आणि दोघं एकाच रस्त्यानं, एकाच दिशेनं पुन्हा शहराकडे आले. भुयारी रस्त्याच्या थांब्यावर ती उतरली. साडेचार.

साडेचार ते पाच या अर्ध्या तासात तिनं काहीच केलं नाही असं नाही. ऑफिसात धावत गेली. सर्दीवाल्या कारकुनाकडे अठरा पावत्या मांडल्या. तो साहेबाकडे गेला, साहेबानं पावत्या हातात घेऊन चाळल्या, एका जुन्या पावतीवर स्वतःचीच सही पाहून त्याला मौज वाटली. रडू आलं तेव्हा तिनं ते आवरलं नाही. साहेबानं पाणी मागवलं. पाणी यायच्या आत पाच वाजले. साहेबाच्या टेबलावरच्या पडद्यावर एक ओळ खालून वर सरकली, आवाज न करता. साहेबही त्या ओळीकडे बघतच राहिला.

गाळ्यात परतली तेव्हा फोनवर निरोप आलाच होता, उद्या दुपारी बारापर्यंत जागा रिकामी करून किल्ली जमा करावी. किल्लीवाले काका समोरून बघत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी चहा पाठवला आणि आपल्या यंत्राचा आवाज बंद ठेवला.

दोरीवर चौदा कपडे लटकत होते. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, नाव, माप, वार. उद्या बारानंतर ही माणसं आली तर इथं फोनची कव्हरं असतील. तिनं मशीनचं झाकण काढलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि पहिली पँट खाली ओढली. कोणाला निरोप गेला की ते येऊन घेऊन जायचे, पैसे विचारायचे, ती मान हलवायची. काका समोर कार्ड घासून घेत राहिले आणि नोटा आणून तिच्या इस्त्रीशेजारी ठेवत राहिले. तिनं त्या उचलल्या नाहीत. त्यांना ठेवायला घरात आता जागाच नव्हती.

सात वाजता मशीनवर सावली पडली. नवरा होता, गणवेशात. पाळीत वीस मिनिटांची सुट्टी मिळते, तेवढ्यात डेपोपासून चालत आला होता. त्यानं गाळ्यात पाऊल ठेवलं नाही. उंबऱ्याशी उभा राहून त्यानं उरलेले कपडे मोजले, नऊ. मग विचारलं, भावाचं अजून किती बाकी आहे. तिनं आकडा सांगितला. त्यानं तो पुन्हा सांगायला लावला. तिनं पुन्हा सांगितला. तो आकडा तसाच राहिला.

"बाकी काही आहे?" त्यानं विचारलं. "ह्याशिवाय. मला माहीत नसलेलं."

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. बोट पुढे केलं. अंगठीच्या जागी नुसता वळ होता, तोही पुसट. "हरवली म्हणाले होते ना. विकली. पहिला हप्ता भरायला."

त्यानं बोटाकडे पाहिलं. "अजून?"

ती आठवू लागली. आठवायला तिला वेळ लागत होता, आणि तो वेळ त्याच्या डोळ्यांपुढे जात होता. त्याचा चेहरा पडला, दिवसभरात पहिल्यांदाच. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, गिऱ्हाइकाचं स्टूल पायानं पुढे ओढलं आणि तिच्यासमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागला, गाळा तेवढाच होता.

"सांग," तो म्हणाला. "आठ मिनिटं आहेत."